कोरा रोल

“काय गं, आणलास का माझा फोटू?”

मी लिंबांचा वाटा पिशवीत घेत होते. तशीच वाकलेली राहिले आणि तोंडातून निघून गेलं, “धुवायला दिलाय, मावशी.” मावशींनी मान डोलावली, वर दोन मिरच्या आणि कढीपत्त्याची एक काडी माझ्या पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मी मंडईबाहेर आले, रिक्षाला हात केला, घरी येऊन लिंबं फ्रिजमध्ये ठेवली, तरी ते वाक्य काही घशाखाली उतरेना. रोल धुऊन येऊन आठवडा झाला होता आणि त्यात मावशी नव्हत्या. मावशीच काय, कोणीच नव्हतं. छत्तीस फोटोंचा अख्खा रोल कोरा निघाला होता. तसं खोटं मी काही कमी बोलत नाही. ऑफिसात दिवसाला चार वेळा ‘बघते आणि सांगते’ म्हणते, आणि बघतही नाही, सांगतही नाही. पण त्या दोन मिरच्या नडल्या. खोट्यावर वर फुकट मिरच्या मिळाल्यासारखं झालं. संध्याकाळी त्या फोडणीत घातल्या तेव्हा ठसका लागला, आणि नवरा म्हणाला, एवढ्याशा दोन मिरच्यांनी?

तो फोटो काढला तो डिसेंबरातला रविवार होता. मंडईच्या त्या जुन्या दगडी इमारतीच्या बाहेर, जिथे जमिनीवर गोणपाट टाकून बायका लिंबं, आलं, मिरच्या, कोथिंबीर घेऊन बसतात, तिथे सकाळी नऊ-साडेनऊला ऊन तिरपं येतं आणि प्रत्येक लिंबाला एक लांब सावली फुटते. माझ्या गळ्यात नवा, म्हणजे जुनाच, कॅमेरा होता. मावशींनी आधी चष्म्यावरून बघितलं. “ह्यो रोलचा का? आमच्या लग्नात व्हता असला.” काढू का एक, विचारलं तर म्हणाल्या, “थांब.” मग त्यांनी जे काय आवरलं त्याला तोड नाही. चष्मा काढून कमरेच्या पिशवीत ठेवला. पदर डोक्यावरून घेऊन पुन्हा खांद्यावर आणला, कारण डोक्यावर बरा दिसेना म्हणे. शेजारणीची प्लॅस्टिकची बादली पायानं सरकवली. शेवटी तांब्यातलं पाणी हातावर घेऊन लिंबांवर आणि कोथिंबिरीवर शिंपडलं. “माल ताजा दिसाया पायजे.” आणि मग एकदम गप्प होऊन, दोन्ही हात मांडीवर ठेवून, कॅमेऱ्याकडे अशा बघायला लागल्या की मला क्षणभर शटर दाबायचंच सुचेना. मी डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरच्या मधल्या गोलातली फोकसची दुभंगलेली रेघ त्यांच्या कपाळावरच्या कुंकवावर जुळवली आणि दाबलं. खटॅक. लिव्हर ओढला. “धुऊन आला की दाव,” त्या म्हणाल्या. पाणी शिंपडलेल्या लिंबांवर तोवर ऊन चमकायला लागलं होतं.

हे सगळं मी पाहिलं. कॅमेऱ्यानं नाही.

लॅबमधल्या मुलानं नेगेटिव्हची पट्टी उजेडावर धरली आणि काही बोलला नाही. मीच पुढे होऊन बघितलं. रंगीत निगेटिव्हचा तो नारिंगी-तपकिरी रंग, अगदी स्वच्छ, एकही डाग नाही. कडेला कंपनीचं नाव आणि आकडे मात्र ठळक उमटलेले: १, १ए, २, २ए, थेट शेवटपर्यंत. ते कारखान्यातच छापलेले असतात, फोटो असो वा नसो, धुतल्यावर उगवतातच. म्हणजे घरांचे नंबर आहेत, आणि घरंच नाहीत. “मॅडम, फिल्म पुढे सरकलीच नाहीये,” तो म्हणाला. धुण्याचे पैसे घेतले. तेही बरोबरच, धुतला होता त्यानं. मग मला समजावून सांगताना त्यानं पट्टीचं सुरुवातीचं टोक दाखवलं. तिथला काही बोटांचा तुकडा काळाकुट्ट होता. रोल भरताना जो भाग आपण बाहेर ओढून उजेडात धरतो, तो जळतोच. माझा रोल तिथेच अडकला होता. भरताना टोक उजवीकडच्या रिळाच्या खाचेत नीट बसलं नाही, झाकण लावलं, लिव्हर ओढल्यावर रिळ नुसतं फिरत राहिलं आणि फिल्म जागची हलली नाही. शटर मात्र इमानदारीत उघडत होतं. म्हणजे त्या रविवारचं सगळं काही, तुळशीबागेतली टिकल्यांची दुकानं, जिन्यावर झोपलेलं कुत्रं, हौदाशी हात धुणारा हमाल आणि पाणी शिंपडून बसलेल्या मावशी, सगळेच्या सगळे फोटो त्या एकाच, आधीच जळलेल्या तुकड्यावर एकावर एक जाऊन पडले होते. तो तुकडा मी मागून घेतला. माझ्या टेबलाच्या खणात आहे.

वाईट याचं वाटलं की कॅमेरा मला सांगत होता. मोजणीचा आकडा छत्तीसवर गेला, सदतीसवर गेला, अडतीसवरही लिव्हर अडला नाही, आणि मी मनात म्हटलं, वा, दोन फोटो फुकट मिळाले! तो आकडा फिल्मचा नसतोच, लिव्हर किती वेळा ओढला त्याचा असतो. खरी खूण डावीकडे असते. लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची गुंडी आपोआप उलटी फिरली पाहिजे. फिरली तर फिल्म सरकतेय. एवढंच. इतकी सोपी गोष्ट, आणि मी पाच महिने जुन्या कॅमेऱ्यांवर वाचत होते, त्यात ती कितीदा नजरेखालून गेली असेल. तेव्हा मी शटरचा वेग, लेन्सची चमक, उजेड मोजणाऱ्या मीटरची जात असल्या थोर गोष्टींत गढले होते.

पाच महिने का, ते सांगायचं तर मामापासून सुरुवात करावी लागेल.

मामा रत्नागिरीला शाळेत शिक्षक होता. त्याच्याकडे झेनिट-ई होता, रशियन, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला. त्या एका मॉडेलचे तीस लाखांहून जास्त नग बनले, तेव्हा त्यात दुर्मीळ असं काही नाही, पण आमच्या घरात तो दुर्मीळच होता. कॅमेरा म्हणजे लोखंडी ठोकळा, लेन्ससकट किलोभर वजनाचा. वर कपाळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी काच होती, ते सेलेनियमचं मीटर, त्याला बॅटरी लागत नाही. गणपतीत, मुंजीत, डोहाळजेवणात मामा तो गळ्यात अडकवून फिरायचा आणि सगळ्यांना एक-एक पाऊल मागे सरकवायचा. कृष्णधवलचे ‘इंदू’चे रोल वापरायचा, उटीच्या सरकारी कारखान्यातले, पुढे रंगीत. फोटो धुऊन आले की घरात नेहमीचा हशा. कारण मामाच्या फोटोत माणसं मधोमध, लहानशी, आणि चहूबाजूंनी भरमसाट मोकळी जागा. त्या जागेत कायम कोणीतरी फुकट आलेलं. आत्याच्या डोहाळजेवणाच्या फोटोत कडेला शेजारचा मुलगा ताटातली करंजी उचलतोय. सत्यनारायणाच्या फोटोत पाहुण्यांचं अर्धं ढुंगण. मामी म्हणायची, तुम्हाला नेम धरता येत नाही. मामा म्हणायचा, मी एवढं घेतलंच नव्हतं, हा कॅमेऱ्याचा मनाचा कारभार.

मामा खरं बोलत होता. त्याला जाऊन दोन वर्षं झाल्यावर, हे जुन्या कॅमेऱ्यांचं वाचन चालू असताना, मला एक आकडा सापडला आणि मी रात्री बारा वाजता अंथरुणात उठून बसले. फिल्मवरची चौकट असते २४ बाय ३६ मिलिमीटर. झेनिट-ईच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो तो जेमतेम २० बाय २८ चा भाग. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबानं तीन भागांतले दोन भागच डोळ्याला दिसतात, आणि उरलेला एक भाग फोटो काढणाऱ्याला न विचारता फिल्मवर येतो. मामा अगदी नेमानं चौकट भरत होता, पण त्याला दाखवलेली चौकटच लहान होती. मी दुसऱ्या दिवशी आईकडचा अल्बम काढला, काळ्या पानांचा, कोपऱ्यांवर चिकटवलेला, आणि पहिल्यांदाच मधली माणसं सोडून कडा बघितल्या. दादाच्या मुंजीचा फोटो आहे. मधे बटू, मांडीवर घेतलेला, सगळे हसतायत. उजव्या कडेला मागच्या दाराच्या पायरीवर आजी बसली आहे. पाय लांब केलेले, चपला काढलेल्या, पदरानं मान पुसतेय आणि कोणाकडेच बघत नाहीये. आजीचे फोटो आमच्याकडे पाच-सहा आहेत, सगळ्यांत ती उभी, ताठ, कॅमेऱ्यासमोर श्वास धरलेली. ही एकच आजी अशी आहे जी मला आठवते. ती मामाला दिसली नव्हती.

तो कॅमेरा मामीनं मला दिला. तपकिरी चामड्याच्या केसमध्ये, बटण लावलेलं, वर मलमलीचं फडकं, कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी वीस वर्षं. मामा वस्तू जपणारा माणूस. आणि ती जपणूकच त्याच्या लेन्सच्या मुळावर आली. चामडं ओल धरून ठेवतं, कपाटाच्या अंधारात वारा नाही, कोकणातला पावसाळा चार महिने भिंतींतून घाम फुटवतो, मग बुरशीला आणखी काय लागतं? मोबाइलचा टॉर्च लावून मी लेन्समधून पाहिलं तर आत कोळिष्टकांसारखी नक्षी होती, मधून कडेकडे पसरलेली, खरं तर सुंदर. आमच्याकडे पापडांना, लोणच्यांना, पुस्तकांना बुरशी येते हे माहीत होतं, काचेला येते हे माहीत नव्हतं. ती काचेवरचा लेप खाते, आणि एकदा खाल्ला की पुसून भागत नाही. शटरचे कापडी पडदेही कडक झाले होते. उघडाच ठेवला असता, फडताळात, येताजाता कोणी हातात घेऊन खटखट केलं असतं, तर कदाचित वाचला असता. मामीला हे सांगितलं नाही. बघा, हे दुसरं खोटं.

तर मला दुसरा कॅमेरा हवा होता. फिल्ममध्ये आत्मा असतो, डिजिटलमध्ये नसतो, असलं काही मला पटत नाही. माझ्या फोनमध्ये चौदा हजार फोटो आहेत आणि त्यातले बरेच चांगले आहेत. रस्त्यावर फोटो काढायचे होते, मामाच्या कॅमेऱ्याच्या जातीच्या कॅमेऱ्यानं, आरशाचा खटॅक आवाज ऐकत, एवढीच काय ती हौस. आणि हौशीला मी ८,००० रुपयांची भिंत घातली होती. सुरुवात घरच्या अंगणातून केली. बुधवारी सुट्टी टाकून जुन्या बाजारात गेले. गंजलेले पाने, सायकलच्या चेनी, एकेकटे बूट, आणि त्यांच्यात कॅमेरे: कोडॅकचे केबी-१०, यशिकाचे एमएफ-२, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या सहलींतले प्लॅस्टिकचे साधे कॅमेरे. एसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा, एकच मिळाला, त्याचा आरसा गायब होता. विकणारा म्हणाला, “चालू आहे.” आरसा नाही हो यात. “आरसा नसला तरी चालू आहे.” जुन्या बाजारात चालू हा शब्द श्रद्धेनं वापरतात.

मग एका शनिवारी डेक्कन क्वीननं मुंबई. सीएसएमटीसमोरचा रस्ता ओलांडून फोर्टात शिरलं की बोरा बाझारची गल्ली, जिथे कॅमेऱ्यांची दुकानं आणि दुरुस्तीवाले आहेत. लाकडी जिना, माळ्यावरचं दुकान, काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेले काळे-चंदेरी ठोकळे, आणि हवेत तेल, जुनं चामडं आणि कुठल्याशा सॉल्व्हंटचा थंड वास. मी वहीत सगळं लिहून नेलं होतं. निकॉन एफएम२, १९८२ चा, एका सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतकं जलद शटर, एकेकाळी वृत्तपत्रांच्या फोटोग्राफरांच्या खांद्यावरचा. किंमत ऐकली आणि वहीतल्या त्या नावावर दुकानदारासमोरच काट मारली. कॅनन एई-१, १९७६ चा. हा हल्ली मिरवायचा कॅमेरा झालाय, भावही त्या हिशेबानं. दुकानदारानं हातात दिला, मी दाबलं तर शटरच्या आधी दमेकऱ्यासारखी चीं अशी घरघर. आतल्या आरशाच्या गिअरला तेल लागतं, या कॅमेऱ्याचा हा जुना खोकला. शिवाय त्यातली सहा व्होल्टची बॅटरी संपली की कॅमेरा म्हणजे पेपरवेट, आणि ती बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळेलच असं नाही. पेंटॅक्स के१००० मला फार आवडला. तोही १९७६ चाच, १९९७ पर्यंत बनत होता, फोटोग्राफी शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्याच्यावर घासल्या गेल्या. आत एक सुई, दोनच गोष्टी फिरवायच्या. पण समोर जो होता त्याच्या बॅटरीच्या खोबणीत हिरवट मीठ साचलं होतं आणि प्रिझममध्ये काळी रेघ होती.

दुकानदार वैतागला नाही, हे विशेष. मी प्रत्येक कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून शटर एका सेकंदावर लावून कान देत होते, म्हणजे खरोखर एक सेकंद होतो की दीड. मग साठ, मग पाचशे, मागून उजेडाकडे बघत. झाकणाच्या कडेचा स्पंज बोटानं दाबत होते. तो जुना झाला की काकवीसारखा चिकट होतो आणि त्यातून उजेड आत शिरतो. लेन्समधून टॉर्च मारत होते, मामाची आठवण ठेवून. शेजारच्या स्टुलावर एक म्हातारे दुरुस्तीवाले काका बसून घड्याळजीसारखा डोळ्याला भिंग लावून काम करत होते. अर्ध्या तासानं ते भिंग न काढताच म्हणाले, “बेटी, रस्त्यावर काढायचेत ना फोटो? मग चार हजार काय करायचंय? कोण पळतंय एवढं?” मला हसू आलं. लक्ष्मी रोडवर रविवारी चालणंही कठीण. “हलका घे. दिवसभर गळ्यात राहील असा घे. जड असला की तू घरी ठेवशील.” मामाचा किलोभराचा ठोकळा मला डोळ्यांपुढे दिसला.

त्यांनीच खालच्या फळीवरून काढून दिला: यशिका एफएक्स-३ सुपर २०००. मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं, कारण हा आपल्याकडच्या फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांचा कॅमेरा, कॉलेजात दोन-चार जणांच्या गळ्यात असायचा, आणि परिचयाची वस्तू स्वप्नात बसत नाही. बॉडी अर्ध्या किलोच्या आतली. बॅटरी फक्त मीटरपुरती, कॅल्क्युलेटरमधली असते तसल्या दोन गोळ्या. त्या संपल्या तरी शटर चालूच. आत कडेला मीटरचे तीन दिवे: लाल अधिक, हिरवा शून्य, लाल उणे, बस्स. या मॉडेलचं वरचं आवरण हमखास पिठासारखं झडतं. याचं तर मागच्या मालकानं काढून पर्सचं चॉकलेटी रेक्झिन चिकटवलं होतं, मगरीच्या कातड्याची नक्षी असलेलं. काका म्हणाले, यशिका लिहिलंय, पण बनवलाय कोसिनानं. त्याच कोसिनानं निकॉनचा एफएम१० बनवला, ऑलिंपसचा ओएम-२००० बनवला. वर नाव ज्याचं त्याचं, भटारखाना एकच. हे मला फार पटलं. आपल्याकडे दिवाळीत चार दुकानांची चकली एकच बाई तळत असतात तसंच. ७,५०० सांगितले, ५,५०० ला दिला, ५० मिलिमीटरच्या लेन्ससकट. परतीच्या गाडीत मी तो मांडीवर घेऊन बसले होते आणि कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत रिकामाच खटखट करत होते. समोरच्या आजोबांनी विचारलं, चालू आहे का? म्हटलं, चालू आहे.

आरशाच्या कॅमेऱ्याचा हा खटॅक रस्त्यावर अडचणीचाच. आरसा वर उडतो, पुन्हा खाली आदळतो, आणि माणूस वळून बघतो. आधी मला वाटायचं, चोरून काढता आलं पाहिजे. मग घरी बसून पाठांतर केलं, की भर उन्हात २०० च्या फिल्मला शटर अडीचशेवर, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर, आणि लेन्सचं भोक एफ/१६, किंवा पाचशेवर एफ/११, आणि एफ/११ ला लेन्स ३ मीटरवर बांधून ठेवली तर साधारण सव्वादोन ते पाच मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं, डोळ्याला न लावता छातीवरूनही काढता येतं. दोन-चार काढलेही. पण चाळिशीची एक बाई छातीवर मगरीचा कॅमेरा दाबून आकाशाकडे बघत खटॅक करते तेव्हा ती चोरून काही करत नसते, सगळ्या तुळशीबागेला कळतं. एक चहावाला म्हणाला, ताई, नीट काढा की, मी थांबतो. तेव्हापासून विचारून काढते. विचारलं की समोरचा माणूस बदलतो, आवरतो, पदर घेतो, पाणी शिंपडतो, हे खरं. मामाच्या फोटोतल्या आजीसारखं काही मिळायचं नाही. पण हिशेब असाही आहे की रोल हजाराच्या आसपास, धुणं आणि स्कॅन मिळून आणखी पाचेकशे, म्हणजे एका खटॅकला चाळीस रुपयांच्या वर. मावशींच्या लिंबांचे दोन वाटे. एवढं खर्चून काढायचं तर तोंड लपवून कशाला.

मामाच्या कॅमेऱ्यात न पाहिलेली माणसं आली, आणि माझ्यात पाहिलेली आली नाहीत. खणातला काळा तुकडा कधीमधी उजेडावर धरते. काही दिसत नाही, तरी धरते.

दीड महिना मंडईला गेले नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लॅस्टिकमध्ये बांधलेली लिंबं आणली, तीही वाईट. दुसरा रोल भरला तेव्हा झाकण उघडं ठेवून दोनदा लिव्हर ओढला, रिळाचे दात फिल्मच्या भोकांत बसलेले बघितले, लावून टाकलं, ढिलाई काढली, पुन्हा ओढला. गुंडी फिरली. दर फोटोला तिच्याकडे बघायची सवयच लागली. देवघरातला दिवा विझला नाही ना बघावं तशी. मग जानेवारीच्या शेवटच्या रविवारी गेले. मावशी होत्या. स्वेटर घातला होता, तांबडा, कोपरावर उसवलेला, आणि कोणाशी तरी पाच रुपयांवरून हुज्जत चालली होती. मी ती संपेपर्यंत थांबले.

“मावशी, खरं सांगते. तुमचा फोटो निघालाच नाही. रोल वाया गेला. मी त्या दिवशी खोटं बोलले.”

त्यांनी मिरच्यांचे देठ खुडायचं थांबवलं नाही. “म्हंजे ती लिंबं धुतली ती फुकटच.”

“हो.”

“मला वाटलंच. धुवायला म्हैना लागतो व्हय? आमच्या लग्नाचे आठ दिसात आलते.” देठांची मूठ बाजूला टाकली. “काढ परत. पर आज मी काय पाणीबिनी मारणार न्हाई. गिऱ्हाइकं हायत.”

आणि खरंच काही केलं नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बादली मधेच, स्वेटरचं कोपर बाहेर. एका बाईला आलं तोलून देत होत्या आणि मान तिकडेच. मी मधली रेघ चष्म्याच्या दांडीवर जुळवली. हिरवा दिवा लागला, गेला, लागला. खटॅक. लिव्हर ओढला. डावीकडची गुंडी सावकाश, अर्ध्याहून थोडी जास्त, उलटी फिरली आणि थांबली.

“निघाला?” त्यांनी न बघताच विचारलं.

“बहुतेक.”

“बहुतेक म्हणती,” त्या आलंवाल्या बाईला म्हणाल्या. मग लिंबांचा एक वाटा उचलून माझ्यापुढे धरला. “वीस रुपय.”

या वेळी मिरच्या टाकल्या नाहीत.